खोली कुणाला द्यायची, हे गावकीने ठरवावे का?

पत्राचा सारांश: नवी मुंबईतील एका मूळ गावात राहणाऱ्या, साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या सासरच्यांची भातशेती सिडकोच्या संपादनात गेली आणि गावठाणातले घर व त्याला लागून असलेला तुकडा तेवढा उरला. त्या तुकड्यावर पतीने खोल्या बांधल्या. पती आता हयात नाहीत आणि घर या खोल्यांच्या भाड्यावर चालते. भाडेकरूंपैकी बहुतेक उत्तर प्रदेश व बिहारमधले आहेत, दोन कुटुंबे जालना-बीडकडची आहेत. यापुढे परप्रांतीयांना खोली द्यायची नाही आणि आहेत त्यांना करार संपताच जायला सांगायचे, असा ठराव गावकीच्या बैठकीत मांडला गेला असून पुढच्या बैठकीत तो पक्का व्हायचा आहे. मांडणाऱ्यांमध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा पुढे आहे. त्याने आयटीआय पूर्ण केले आहे, पण ठेकेदारांकडच्या तुटक कामाखेरीज त्याच्या हाती काही लागलेले नाही. मुलाचे दुःख या बाईंना कळते. मात्र पहिल्या मजल्यावरची गोरखपूरकडची बाई त्यांच्या आजारपणात रोज त्यांचे जेवण पाहत होती आणि तिची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत शिकते, हेही त्यांना विसरता येत नाही. त्या विचारतात, ‘ठरावाला हात वर केला तर घर कसे चालवू आणि त्या बाईला काय तोंड दाखवू? नाही केला, तर मी गावाची वैरीण ठरणार का?’

उत्तर:

ताई, बैठकीला तुम्ही हजर होता आणि एक शब्दही बोलला नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या शेजारी बसलेल्या ज्या बायकांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, त्याही गप्प राहिल्या. तेव्हा ज्याला तुम्ही पत्रभर ‘गावाचे मत’ म्हणता, ते खरोखर सगळ्या गावाचे मत आहे का, हे मला आधी विचारावेसे वाटते. अशा बैठकांत बोलणारे बहुधा पुरुष असतात, त्यातही चिडलेले तरुण अधिक असतात, आणि त्यांचे मत खोटे नसले तरी ते एकट्याने गाव होत नाही. ज्याने आपला गाळा किराणा दुकानाला दिला आहे, ज्या घरातून कामगारांना डबे जातात, ज्याची रिक्षा पहाटे एमआयडीसीच्या पाळीला जाणाऱ्यांना नेते, ते सगळे मनातल्या मनात हिशेब करत बसलेले असतात आणि तो उघड बोलला तर पैशासाठी गाव विकल्याचा ठपका येईल म्हणून तोंड उघडत नाहीत. तुमचे मौन आणि त्यांचे मौन एकाच जातीचे आहे. त्यामुळे तुम्ही एकट्या पडाल ही भीती तुम्हाला जितकी वाटते तितकी मला पक्की दिसत नाही.

तरीही मुलाच्या रागाला बाजूला सारून तुम्हाला सल्ला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. त्यात भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीवरची मासेमारी आकसत गेली. भोवती आखीव रस्ते, गटारे आणि उद्याने असलेले सेक्टर उभे राहिले आणि गावठाणे मात्र त्या आखणीच्या मधोमध जुन्याच गल्ल्यांनिशी तशीच राहिली. कुटुंबे वाढली तशी माणसांनी गरजेपोटी घरे बांधली, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न सरकारी निर्णय, दुरुस्त्या आणि आश्वासने यांतून आजवर पुढे ढकलला जात आहे. ज्याच्या आजोबांच्या शेतावर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्या मुलाला त्याच इमारतीच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहून आत जावे लागते. हा अपमान खरा आहे. त्याला ‘संकुचितपणा’ म्हणून मोकळे होणाऱ्या सेक्टरमधल्या सुशिक्षित मंडळींशी माझे अजिबात जमत नाही.

पण ताई, यातला एकही निर्णय तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाने घेतलेला नाही. जमिनीचा भाव त्यांनी ठरवला नाही, गावठाणाची हद्द त्यांनी अडवून ठेवली नाही, आणि तुमच्या मुलाचा अर्ज कुठल्या कार्यालयात पडून राहिला असेल तर तोही त्यांच्या हातून नाही. याच भूमीतल्या माणसांनी आपला राग योग्य दारात नेऊन दाखवला आहे, याची आठवण मुलाला तुम्हीच करून देऊ शकता, कारण ते दिवस तुम्ही पाहिले असतील. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली, सिडकोवर मोर्चा गेला. दोन्ही वेळी मागणी सरकार आणि सिडको यांच्याकडे होती, लोक हजारोंनी आले आणि शेजाऱ्याच्या दाराला कुणी धक्का लावला नाही. आजचा ठराव मात्र ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही अशा माणसाकडून काहीतरी वसूल करू पाहतो.

‘बाहेरचा’ ही रेघ कुठे ओढायची, याचाही विचार करा. तुमच्या पत्रात जालना-बीडकडची दोन कुटुंबे आपोआप सुटली आहेत; ठरावातही त्यांना वगळले आहे. मुंबईतला घाऊक बाजार तुर्भ्याला आला तेव्हा त्याच्यामागून सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतले हजारो माथाडी कामगार इथे आले. त्यांना तेव्हा गावात काय म्हणत असत, हे घरातल्या थोरांना विचारून पाहा. आज त्यांची मुले कोपरखैरणे, घणसोलीत तुमची मतदार, शेजारी आणि कित्येक ठिकाणी सोयरीक झालेली माणसे आहेत. त्या माथाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली, आणि मला ती फार मोलाची वाटते. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळाकडे नोंदणी आली, मजुरी ठरली. बाहेरून आलेला माणूस स्वस्तात राबवता येईनासा झाला, म्हणजे त्याच्यामुळे इथल्या माणसाची मजुरी पडते ही तक्रारही बोथट होते.

आकडे मुलगा तुमच्यासमोर ठेवेलच, म्हणून तेही बोलू. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर व उपनगरांत मातृभाषा मराठी सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आली आणि हिंदी सांगणाऱ्यांची सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेली. मराठी माणसाला हे वाचून काळजी वाटणारच, मलाही वाटते. पण मुंबईतली मराठी कुटुंबे गेली कुठे? लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, तिथल्या घरांचे भाव पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेले आणि ही कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कळवा, ऐरोली, नेरुळकडे सरकली. त्यांना कुणा भाडेकरू मजुराने हुसकावले नाही, घराच्या किमतीने हुसकावले. उद्या तुमच्या गावातल्या तरुण जोडप्याला गावातच घर परवडेनासे झाले, तर त्याचेही कारण तेच असेल, आणि त्यावर या ठरावात एक ओळही नाही.

नोकरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यात मुलाच्या म्हणण्याला आधार आहे. राज्य सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हे धोरण महाराष्ट्रात कित्येक दशके कागदावर आहे. प्रत्यक्षात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामाचा मोठा भाग ठेकेदारांमार्फत दिला जातो, आणि घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर आलेला, कुटुंब गावी ठेवलेला, बारा तास राबणारा आणि तक्रार केली तर राहण्याचा आसराही जाईल या भीतीत असलेला माणूस ठेकेदाराला सोयीचा वाटतो. तुमचा मुलगा भविष्यनिर्वाह निधी मागेल, जादा तासांचे पैसे मागेल, सणाला सुटी मागेल, म्हणून तो नको असतो. मग किमान वेतन आणि निधी सर्वांना सक्तीने मिळाला, तर कुणाचा फायदा होईल? तुमच्या मुलाचा आणि तुमच्या भाडेकरूचा, दोघांचाही. नुकसान फक्त मधल्या माणसाचे होईल. गावातल्या तरुणांनी हे बारकाईने पाहावे असे मला कळकळीने वाटते, कारण काही ठिकाणी तो मधला माणूस गावातलाच असतो आणि बैठकीत तोही परप्रांतीयांच्या विरोधात बोलून जातो.

कायद्याचे थोडक्यात सांगते. भारतात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. स्वतःची खोली कुणाला द्यायची हे मालक म्हणून तुम्ही ठरवू शकता. पण ते तुमच्यावतीने गावकीला ठरवता येत नाही. ठराव न पाळणाऱ्या घराला लग्नकार्यात, जत्रेत किंवा मयतीला वाळीत टाकायचे, दंड लावायचा, अशी भाषा कुणी केली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, जो जुलै २०१७ पासून लागू आहे, अशा बहिष्काराला गुन्हा मानतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे मी तुम्हाला भांडायला सांगण्यासाठी लिहीत नाही. गावात राहायचे आहे, उद्या त्याच माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यामागे काय उभे आहे हे माहीत असलेला माणूस शांतपणे बोलतो.

आता तुमच्यापुढच्या वाटा. ठरावाला हात वर केला तर काय होईल, याचा हिशेब मुलाला सोबत घेऊन कागदावर मांडा: महिन्याचे भाडे किती येते, त्यातून वीज, मालमत्ता कर, तुमची औषधे आणि घरखर्च किती भागतो, खोल्या दोन-चार महिने रिकाम्या राहिल्या तर डिपॉझिट परत कुठून करणार. रिकाम्या झालेल्या खोल्या मराठी भाडेकरूंनी लगेच भरतील असे तरुण म्हणत असतील, तर तसे भाडेकरू आज विचारायला येतात का, येऊन परत का जातात, याचे उत्तरही त्यांनीच द्यायला हवे. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसांचे लोंढे पायी गावाकडे निघाले होते, तेव्हा तुमच्या गल्लीतल्या किती खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि त्या काळात किती स्थानिक मुलांना कायम नोकरी लागली, हे मुलाला विचारा. त्याचे उत्तर तो प्रामाणिकपणे देईल, कारण त्याने ते डोळ्यांनी पाहिले आहे.

ठरावाकडे सरळ दुर्लक्ष करायचे आणि खोल्या पूर्वीसारख्याच देत राहायचे, हीही वाट मला पसंत नाही. भाडेकरूंविषयीच्या काही तक्रारी अगदी बरोबर आहेत. एका खोलीत आठ-दहा जण कोंबले जातात, कोण येतो कोण जातो याचा पत्ता नसतो, पाण्यावर ताण येतो, जिन्यात कचरा साचतो, रात्री-अपरात्री मोठ्याने गाणी लागतात. यात भाडेकरूइतकाच, बहुतेकदा त्याच्यापेक्षा जास्त, दोष घरमालकाचा असतो, कारण माणशी भाडे घेऊन खोली भरण्याचा मोह त्याचा असतो. तुमच्याकडे असे होत असेल तर आधी ते थांबवा.

प्रत्येक खोलीचा करार लेखी करून नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि तोंडी व्यवहारात वाद झाला तर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे बऱ्याच गावठाणांत अजून माहीत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, त्याची पोच जपून ठेवा. खोलीत किती माणसे राहतील हे करारात आकड्याने लिहा आणि पाहुणा महिन्याहून जास्त राहिला तर कळवण्याची अट घाला. विजेचा वेगळा उपमीटर, पाण्याची वेळ, कचरा कुठे टाकायचा, वाहन कुठे लावायचे, हे सर्व मराठीत लिहून जिन्यापाशी लावा. नियम जालन्याच्या कुटुंबाला आणि गोरखपूरच्या कुटुंबाला एकच ठेवा. करार मोडणाऱ्याला मुदत देऊन जायला सांगा, मात्र पाणी किंवा वीज तोडून कुणालाही बाहेर काढू नका. तोही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

भाषेबद्दल मला तुम्हाला थोडे टोचून बोलायचे आहे. तुम्ही लिहिता, की भाडेकरूंना वर्षानुवर्षे राहूनही मराठी येत नाही. तुम्ही त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलता? पत्रावरून तरी असे दिसते, की भाडे मागण्यापासून नळाविषयी सांगण्यापर्यंत सगळे हिंदीत चालते. ज्या दिवशी खोली बघायला माणूस येतो, त्या दिवसापासून त्याच्याशी मराठीत बोला, सावकाश बोला, समजले नाही तर पुन्हा सांगा, पण मराठी सोडू नका. मारहाण करून कुणी भाषा शिकत नाही. जून २०२५ च्या अखेरीस मिरा रोडला मिठाईच्या दुकानदाराला मराठी न बोलल्यावरून चोप दिला गेला, त्यानंतर मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. मराठीसाठी झालेल्या त्या मोर्चाला आलेल्यांची तळमळ मी नाकारत नाही. पण तुमच्या घरातली ती चौथीतली मुलगी रोज मराठीतून गणित सोडवते आहे, आईला दुकानाच्या पाट्या वाचून दाखवते आहे. राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा कायदा ज्यासाठी झाला, ते तुमच्या जिन्यात घडते आहे. तिला शाळा सोडायला लावून मराठीचे काय भले होणार आहे, हा प्रश्न बैठकीत विचारण्यासारखा आहे.

मुलाशी बोलताना ठरावापासून सुरुवात करू नका. त्याच्या नोकरीपासून करा. आयटीआय झालेल्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी ठरावीक टक्के शिकाऊ उमेदवार घेणे त्यानुसार बंधनकारक आहे. गावाच्या आसपासच्या किती कंपन्या हे पाळतात? महापालिकेची सफाई, उद्याने, पाणीपुरवठा ही कामे करणाऱ्या ठेकेदारांकडे किती माणसे आहेत, त्यांना किमान वेतन आणि निधी मिळतो का, ही माहिती महापालिकेकडून माहिती अधिकारात मागता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळावर प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना कोणत्या कामांसाठी किती प्रशिक्षण आणि किती नोकऱ्या मिळाल्या, हे सिडकोला लेखी विचारता येते. तुमच्या मुलाच्या अंगात संघटना करण्याची धमक आहे, बैठक भरवण्याइतके त्याचे गावात वजन आहे. ही फार मोठी शक्ती आहे आणि ती तुमच्या पहिल्या मजल्यावर खर्च होऊ नये. त्याला सांगा, की या अर्जांवर पहिली सही आई करील.

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या आणि वाशी-नेरुळच्या गृहनिर्माण सोसायट्यांतूनही मला याच आशयाची पत्रे येतात, फक्त तिथे ‘परप्रांतीय’ऐवजी कधी एकटे राहणारे तरुण, कधी मांसाहारी कुटुंब, कधी चक्क मराठी भाडेकरूच नको असतात. ज्यांना मुंबईत ‘आमच्या इमारतीत मराठी नको’ हे ऐकावे लागले आहे, त्या वाचकांनी तरी दुसऱ्याला तसे ऐकवताना थांबावे. सोसायटीच्या सभासदाने भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत द्यावी, हे सोसायटीला मागता येते; भाडेकरू कोणत्या प्रांताचा असावा हे मागता येत नाही.

पुढच्या बैठकीआधी, तुमच्यासारख्या ज्या बायका गप्प बसल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन या. दोघी-तिघी जरी तयार झाल्या, तरी ठराव फेटाळण्याची मागणी करण्याऐवजी त्याच्या जागी दुसरा ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीचा करार नोंदवला जाईल, पोलिसांना माहिती दिली जाईल, खोलीत माणसांची संख्या मर्यादित राहील, आणि नोकऱ्यांसाठी गावातर्फे सिडको, महापालिका व एमआयडीसी यांच्याकडे लेखी मागणी जाईल. यामुळे रागावलेल्या मुलांना हात हलवत परत जावे लागणार नाही. तरीही जुनाच ठराव मंजूर झाला, तर उभे राहून सांगा की तुमचा त्याला विरोध आहे आणि तसे बैठकीच्या वहीत लिहावे. गोरखपूरकडच्या त्या बाईला करार संपण्याची तारीख आणि नव्या अटी आताच समोर बसवून सांगा, म्हणजे मुलीच्या पुढच्या वर्षीच्या शाळेचे काय करायचे ते तिला ठरवता येईल.